अकूस्टिक अल्केमी ऐकायला कुठून सुरुवात करावी

अकूस्टिक अल्केमी हा गिटारींभोवती उभा असलेला इंग्लंडचा बँड. तो पहिल्या अल्बमपासून ओळीने ऐकत या, असं मी माझ्या गिटारच्या विद्यार्थ्यांना सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या अल्बमला सगळं एकसारखं वाटायला लागतं आणि ‘हॉटेलच्या लॉबीत वाजतं ते’ म्हणून पोरं सोडून देतात. अगदीच खोटंही नाही म्हणा ते.

तर आधी कान तयार करा. हेडफोन हवाच, मोबाइलच्या स्पीकरवर यातलं काही कळायचं नाही. १९८७ चा ‘रेड डस्ट अँड स्पॅनिश लेस’ लावा. यात मुख्य गिटारी दोन. निक वेबच्या गिटारला स्टीलच्या तारा, ग्रेग कारमायकेलच्या गिटारला नायलॉनच्या. स्टीलचा सूर टोकदार असतो आणि बराच वेळ टिकतो. नायलॉनचा गोलसर, चटकन विरणारा. कोणताही एक ट्रॅक घ्या आणि पहिल्यांदा फक्त नायलॉनच्या मागे जा. चाल स्टीलकडे गेली तरी तुम्ही नायलॉनला सोडायचं नाही, ती तेव्हा खाली काय करतेय ते ऐकायचं. मग तोच ट्रॅक पुन्हा, आता फक्त स्टील. चाल या हातातून त्या हातात कुठे जाते ते पकडता आलं, की निम्मं काम झालं. सिंथचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा, ऐंशीच्या दशकातला चकचकाट मनातल्या मनात वजा करा. मला तो अजूनही सोसत नाही.

रेकॉर्ड कंपनीचा करार होण्याआधी ही इंग्लंडची जोडी व्हर्जिन अटलांटिकच्या विमानात प्रवाशांसमोर वाजवत अमेरिकेला जायची. विमानात ड्रमसेट कुठला न्यायचा? दोन गिटारींत सगळं बसवायची सवय तिथलीच असावी, असं मला वाटतं.

आता सरळ १९९६ च्या ‘आर्केनम’वर उडी मारा. जुन्या रचना इथे व्हायोलिन-चेलोंच्या ताफ्याबरोबर नव्याने वाजवल्या आहेत. मूळ आणि नवी पाठोपाठ लावा.

पुढचा टप्पा घाईत उरकू नका. फेब्रुवारी १९९८ मध्ये वेब स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेला. ‘पॉझिटिव्ह थिंकिंग’ त्याच वर्षीचा. तो ऐकून झाला की २००१ चा ‘आर्ट’ लावा. स्पेलिंगमध्ये दोन ‘ए’ आहेत, शोधताना लक्षात ठेवा. वेबच्या जागी स्टीलच्या गिटारवर आता माइल्स गिल्डरडेल आहे. तो बँडला नवखा नव्हता, पण हात वेगळा. कारमायकेलची नायलॉन ओळखीची वाटेल, तिला मिळणारं उत्तर मात्र बदललेलं. या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन होतं, पण मी तो लावायला सांगतो ते या बदलासाठी.

एवढ्यावर गोडी लागली तर २०११ चा ‘रोझलँड’ आणि २०१८ चा ‘थर्टी थ्री अँड अ थर्ड’ घ्या. १९९२ चा ‘अर्ली अल्केमी’ शेवटी ठेवा. त्यात सुरुवातीच्या काळातली रेकॉर्डिंग आहेत, वेबचा पहिला जोडीदार सायमन जेम्स होता तेव्हाची. इथवर आलात तर कारमायकेल नाही हे कव्हर न वाचताही कळेल.