मुलांबरोबर हस्तकला करताना या चुका टाळा

पोळ्यासाठी मुलाने घडवलेल्या मातीच्या बैलाचे पाय दुसऱ्या दिवशी गळून पडले, की घरातील मोठी माणसे बहुधा मुलाच्या हाताला दोष देतात. प्रत्यक्षात चार-सहा वर्षांच्या मुलाचा हात जेवढे करू शकतो तेवढे त्याने केलेले असते, आणि चूक झालेली असते ती मातीच्या निवडीत, वाळवण्याच्या जागेत किंवा मोठ्यांनी करून ठेवायच्या पूर्वतयारीत. खान्देशात तर हस्तकलेचे निम्मे सामान शेतातून आणि स्वयंपाकघरातून फुकट मिळते. मात्र या सामानाचे आणि इथल्या हवेचे स्वभाव ठाऊक नसतील तर कमी खर्चाची वस्तू वायाही तितक्याच लवकर जाते.

काळ्या मातीचे बैल का तडकतात

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत कपाशीच्या शेतातली काळी माती सहज मिळते. ती ओली असताना मऊ आणि चिकट लागते, त्यामुळे मूर्तीसाठी तीच उत्तम असा समज होतो. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि पाणी उडून गेले की आकसते. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणामुळे, आणि बैलाच्या पोटावर उमटणारी भेगही त्यातलीच असते. निव्वळ काळी माती वापरणे ही म्हणूनच पहिली चूक आहे. साधारण तीन वाट्या मातीत एक वाटी चाळलेली बारीक वाळू आणि पिंजून मोकळा केलेला चिमूटभर कापूस मिसळला, तर वाळूमुळे आकसणे कमी होते आणि कापसाचे तंतू माती धरून ठेवतात. नदीकाठचा पोयटा किंवा कुंभाराकडची तयार माती मिळाली तर त्याहून बरे. माती रात्रभर भिजवून खडे, काटे व काचेचे तुकडे मोठ्यांनीच वेचून काढावेत आणि तळव्याला चिकटणे थांबेपर्यंत ती मळून मगच मुलाच्या हाती द्यावी.

दुसरी चूक उन्हाची. बैल लवकर वाळावा म्हणून तो गच्चीवर ठेवला जातो. उन्हात वरचा थर आधी सुकून आकसतो, आतला गाभा मात्र ओलाच राहतो आणि त्या ताणाने पृष्ठभाग फुटतो. पहिली रात्र बैल ओलसर फडक्याखाली ठेवावा, मग सावलीत वाळवावा आणि रोज कूस बदलावी. श्रावण अमावस्येच्या सुमारास हवा दमट असल्याने यास तीन-चार दिवस सहज लागतात, त्यामुळे आदल्या संध्याकाळी माती भिजवायला घेणाऱ्यांनी ओल्या बैलाचीच पूजा करण्याची तयारी ठेवलेली बरी. बैल आतून वाळला की नाही हे पाहण्यासाठी तो गालाला लावून पाहावा. गार लागला तर आत ओल आहे आणि रंग देण्याची वेळ अजून आलेली नाही.

पाय भक्कम व्हावेत म्हणून आत पऱ्हाटीची (वाळलेल्या कपाशीच्या झाडाची) काडी घालण्याची पद्धत सर्रास दिसते, आणि तेथेच पाय फुटतात. माती आकसते पण काडी आकसत नाही, त्यामुळे काडीभोवतीची माती उकलते. लहान मुलांसाठी आखूड, अंगठ्याएवढ्या जाडीचे पाय करावेत किंवा सरळ बसलेला बैल करावा. शिंगे आणि वशिंड नुसते दाबून चिकटवू नयेत. दोन्ही बाजूंना काडीने रेघोट्या मारून मध्ये त्याच मातीचा पातळ चिखल लावावा आणि मग जोडावे. एवढे करूनही भेग पडलीच तर कोरड्या भेगेत ओली माती भरून उपयोग होत नाही, कारण ती वाळताच सुटून येते. भेग आधी पाण्याने ओलावून, त्याच मातीत थोडी खळ (पीठ शिजवून केलेली चिकी) कालवून भरली तर ती टिकते.

खळ बिघडण्याची कारणे

पताका, मुखवटे किंवा गुलाबाई या मुलींच्या सणाच्या आरासीसाठी कागदकाम करताना बाजारातल्या डिंकाच्या बाटलीपेक्षा घरची खळ स्वस्त पडते आणि मुलाच्या तोंडात थोडी गेली तरी चिंता नसते. तिच्यात गुठळ्या होतात याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: पीठ उकळत्या पाण्यात टाकलेले असते. एक वाटी मैदा किंवा गव्हाचे चाळलेले पीठ आधी थंड पाण्यात एकजीव करावे, एकूण पाणी चार ते पाच वाट्या धरावे आणि मंद आचेवर सतत ढवळत मिश्रण किंचित पारदर्शक होईपर्यंत शिजवावे. कागद सुरकुतला तर खळ पातळ तरी आहे किंवा जास्त तरी लागली आहे. चिकटवलेला कागद जड पुस्तकाखाली वाळवला की सुरकुत्या बऱ्याच कमी होतात. लग्नपत्रिकांचा जाड कागद खोकी करण्यास चांगला असतो, पण त्याच्या गुळगुळीत बाजूवर खळ धरत नाही. चिकटवायची बाजू आधी खरखरीत कागदाने घासून घ्यावी.

उन्हाळ्यात खळ एका दिवसातच आंबते. ती टिकावी म्हणून मोरचूद घालण्याचा सल्ला जुनी माणसे देतात आणि पुस्तक बांधणाऱ्यांच्या कामात तो योग्यही असेल, पण मोरचूद विषारी आहे; मुलांच्या खळीत तो घालू नये आणि लागेल तेवढीच खळ रोज ताजी करावी.

फुग्यावर कागदाचे थर चढवून मुखवटा करणाऱ्यांची तक्रार असते की फुगा मध्येच फुटतो आणि ओला साचा खाली बसतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, आणि त्या उष्णतेत गच्च भरलेल्या फुग्यातली हवा आणखी प्रसरण पावते. फुगा निम्म्याहून थोडाच अधिक फुगवावा, सावलीत टांगावा आणि एका वेळी दोनच थर देऊन ते पुरते वाळल्यावर पुढचे द्यावेत.

केळीचे सोपट आणि घरचे रंग

रावेर-यावल भागात घड उतरवल्यानंतर केळीचे खोड निकामी ठरते, आणि त्याच्या सोपटापासून, म्हणजे खोडावरच्या थरांपासून, पट्ट्यांची छोटी चटई किंवा पुस्तकातली खूण सुंदर होते. ओले सोपट लगेच विणायला घेतले तर ते वाळताना आकसून विणीत फटी पडतात, शिवाय त्याला बुरशी धरते. खोडावर आपोआप वाळलेला बाहेरचा थर काढणे सर्वांत सोपे, मात्र तो घरात आणण्यापूर्वी आपटून झटकावा, कारण त्याच्या आडोशाला विंचू किंवा मुंग्या असू शकतात. पट्ट्या दोन बोटे रुंद कापाव्यात आणि विणण्याच्या आधी पाण्याचा हात फिरवावा; कोरडी पट्टी दुमडताच तुटते आणि मूल कंटाळते. ओल्या खोडाच्या चिकाचा तपकिरी डाग कपड्यावरून जात नाही, तेव्हा शाळेचा गणवेश अंगावर असताना हे काम मुळीच काढू नये.

रंगांच्या बाबतीत हळद सर्वांत भरवशाची वाटते, पण तिचा रंग उन्हात फार लवकर उडतो, म्हणून हळदीने रंगवलेली पताका अंगणात लावू नये. हळद साबणाच्या पाण्याने लाल होते. हा दोष न मानता हळद लावून वाळवलेल्या कागदावर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या काडीने चित्र काढायला दिले तर मुले रमून जातात. हेच काम विड्याच्या चुन्यानेही होते, परंतु चुना डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते, त्यामुळे चुन्याची डबी मुलांच्या हाती देऊ नये. भेंडीचे किंवा बटाट्याचे ठसे पसरत असतील तर कापलेला भाग फडक्याने टिपून घ्यावा आणि ताटलीत रंग ओतण्याऐवजी घडी घातलेल्या ओल्या कापडावर तो पसरून त्यावर ठसा दाबावा.

बिया आणि रिकामे डबे: येथे चूक परवडत नाही

वर सांगितलेल्या चुकांनी फार तर एक वस्तू बिघडते; बियांच्या बाबतीत तसे नाही. गुंजेच्या लाल-काळ्या बिया दिसायला मोहक असल्या तरी अतिशय विषारी असतात. त्यांचे टणक कवच चावले गेले किंवा माळेसाठी भोक पाडले, की आतले विष बाहेर येते. बांधावर सहज सापडणाऱ्या एरंडाच्या आणि धोतऱ्याच्या बियाही तशाच वर्ज्य समजाव्यात. खान्देशातल्या घरांत त्याहून जवळचा धोका आहे तो पेरणीतून उरलेल्या कपाशीच्या, मक्याच्या किंवा ज्वारीच्या रंगीत बियाण्यांचा. तो गुलाबी किंवा निळा रंग औषध चोळलेले आहे हे कळावे म्हणून दिलेला असतो, आणि नेमका तोच पाहून मुले त्या बिया चित्रावर चिकटवायला मागतात. फवारणीच्या औषधाच्या बाटल्या आणि डबे कितीही वेळा धुतले तरी त्यांची फुलदाणी किंवा पेनदाणी करू नये.

खाण्याचे धान्य वापरायचे झाले तरी वयाचा विचार करावा. साधारण ३ सेंटीमीटरपेक्षा लहान वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकते, आणि नाकात घातलेला हरभरा ओलाव्याने फुगून आणखी घट्ट बसतो. एवढ्या लहान मुलांना फाडलेले रंगीत कागद, पिंपळाची पाने आणि हाताचे ठसे पुरेसे आहेत. दिवाळीच्या आकाशकंदिलात किंवा शुभेच्छापत्रात दिवा लावायचा म्हणून बटण सेल वापरला जात असेल, तर त्याचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे. असा सेल गिळला गेल्यास अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते, म्हणून घरगुती उपायांत वेळ न घालवता मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.