बंद पडलेल्या लोहमार्गाचा माग काढताना आणि चित्रीकरण करताना

बंद पडलेल्या लोहमार्गावरच्या बहुतेक चित्रफितींत वेलींनी वेढलेले पडके स्थानक दिसते, मागे उदास संगीत वाजत असते, आणि गाडी कुठून येत होती व कुठे जात होती याचा पत्ताच लागत नाही. लोहमार्ग ही मुळात एक रेषा आहे; ती प्रेक्षकाला समजली तर पडक्या भिंतीलाही अर्थ येतो. म्हणून कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी ती रेषा नकाशावर शोधून काढावी.

मार्ग का बंद पडला हे आधी जाणून घ्यावे, कारण जागेवर काय सापडेल हे बरेचसे त्यावरच ठरते. ब्रिटनमध्ये तोट्यातले मार्ग बंद करण्याची शिफारस करणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारो मैलांचे मार्ग बंद करून रूळ उचलण्यात आले, त्यामुळे तिथे भराव, कमानी आणि फलाट दिसतात, लोखंड क्वचितच दिसते. धनुष्कोडीचा मार्ग डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झाला. तिथे उरले आहेत ते मुख्यतः इमारतींचे अवशेष. बोरघाटातले गाडीची दिशा उलटवण्याचे जुने स्थानक तर नवी आखणी झाल्यामुळे निरुपयोगी झाले. अशा ठिकाणी चालू मार्ग हाकेच्या अंतरावर असतो आणि खरा धोका अवशेषांचा नसून त्या चालू रुळांचा असतो.

ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी तयार केलेल्या मोफत ऑनलाइन नकाशावर वापरात नसलेला पण रूळ शाबूत असलेला मार्ग, रूळ काढलेला पण खुणा उरलेला मार्ग आणि पूर्ण पुसला गेलेला मार्ग अशा वेगवेगळ्या नोंदी असतात. सुरुवात तिथून करावी. मग जुने स्थलदर्शक नकाशे आजच्या उपग्रहचित्रावर बसवून पाहावेत. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर असे जुळवलेले नकाशे पाहता येतात, आणि एखादा सुटा नकाशा हाती असेल तर क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत संगणक प्रणालीत तो स्वतः जुळवता येतो. चाळीस फुटांना एक फूट हा चढसुद्धा साध्या आगगाडीला अवघड जातो, त्यामुळे तिची वाट सपाटी धरून, ऐसपैस वळणे घेत जाते. शेतांच्या बांधांना तिरकी छेदणारी झाडांची रांग, खालून काहीच जात नसलेला रस्त्यावरचा उंचवटा, भरावासाठी माती काढल्यामुळे तयार झालेली लांबट डबकी, स्थानक नसलेल्या गावातला ‘स्टेशन रोड’ या सगळ्या तिच्याच खुणा असतात. सूर्य कलल्यावर घेतलेल्या हवाई छायाचित्रात बुटका भरावही सावलीमुळे उठून दिसतो.

जागेवर जाण्यापूर्वी जमीन सध्या कोणाच्या ताब्यात आहे हे शोधून लेखी परवानगी घ्यावी. रुळाच्या माथ्यावर गंज चढला म्हणजे मार्ग बंद झाला असे मुळीच समजू नये, कारण एखाद्या मार्गावरून क्वचितच मालगाडी किंवा तपासणीची ट्रॉली जात असते. एक तोंड ढासळलेल्या बोगद्यात शिरू नये, कारण आत हवा कोंडलेली असते. वटवाघळांच्या विष्ठेच्या धुळीतून हिस्टोप्लाझ्मोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो, त्यामुळे अशा जागी शक्यतो जाऊच नये. जावेच लागले तर योग्य प्रतीचा मास्क लावावा आणि वटवाघळांवर प्रखर दिवा रोखू नये. रुळांखालचा लाकडी स्लीपर वरून धड दिसला तरी आतून कुजलेला असू शकतो, म्हणून उघड्या पुलावरून चालण्याचा मोह टाळावा. एकट्याने जाऊ नये, आणि परतण्याची वेळ कोणाला तरी सांगून ठेवावी.

रूळ सापडला तर त्याच्या उभ्या बाजूवर कारखान्याचे नाव, वजन आणि निर्मितीचे वर्ष उठावाच्या अक्षरांत आहे का ते पाहावे. महिना बऱ्याचदा रोमन अंकांत किंवा उभ्या रेघांनी दाखवलेला असतो. समोरून प्रकाश टाकला तर ही अक्षरे जवळजवळ नाहीशी होतात. विजेरी रुळाला समांतर, अगदी टेकवून धरली की प्रत्येक अक्षराची सावली पडते आणि गंजाखालचा मजकूर वाचता येतो. खडूने अक्षरे रंगवू नयेत आणि तारेच्या ब्रशने गंजही खरवडू नये. मात्र हे वर्ष रुळाचे आहे, मार्गाचे नाही: मुख्य मार्गावरून काढलेले जुने रूळ दुय्यम मार्गांवर सर्रास टाकले जात, आणि कुंपणाचे खांब म्हणूनही वापरले जात.

चित्रीकरण गाडी ज्या दिशेने जायची त्याच दिशेने, क्रमाने करावे. प्रत्येक मोरी, कटिंग (मार्गासाठी डोंगर किंवा उंचवटा कापून केलेली खाच) किंवा पुलापाशी आधी लांबून एक दृश्य घ्यावे, त्यात मापाचा अंदाज यावा म्हणून एक माणूस उभा करावा, आणि मगच तपशिलाकडे वळावे. तिपाईवरून दहा सेकंद स्थिर घेतलेले दृश्य चालत घेतलेल्या दोन मिनिटांपेक्षा संकलनात अधिक उपयोगी पडते. सेकंदाला २५ चौकटी असतील तर शटर १/५० सेकंद ठेवावे, आणि भर उन्हात त्यासाठी प्रकाश कमी करणारी काच, म्हणजे एनडी फिल्टर, लावावा. बोगद्याच्या तोंडाशी स्वयंचलित एक्स्पोजर बंद करावे, अन्यथा पुढे सरकताना दृश्य मध्येच उजळते किंवा काळवंडते. प्रत्येक ठिकाणी एक मिनिट निव्वळ आवाजही ध्वनिमुद्रित करावा.

जुने छायाचित्र उपलब्ध असेल तर ते जिथून घेतले तीच जागा शोधावी. जवळच्या वस्तूची कड दूरच्या वस्तूवर छायाचित्रात जिथे येते, तिथेच ती येईपर्यंत डावीउजवीकडे आणि पुढेमागे सरकावे. झूम अगदी शेवटी जुळवावा, कारण झूमने वस्तूंचे परस्परसंबंध बदलत नाहीत. मैलाचे दगड, जुन्या विहिरी, सीमास्तंभ अशा विसरल्या गेलेल्या वास्तूंनाही हीच पद्धत लागू पडते. फक्त तिथे रेषेऐवजी ती वस्तू मूळ जागीच आहे की नंतर हलवलेली आहे, हे आधी तपासावे लागते.

प्रसिद्ध करताना कागदपत्रांवरून कळलेले आणि स्थानिकांनी सांगितलेले वेगवेगळे सांगावे. सिग्नलचे भाग, पितळी वस्तू किंवा कोरीव दगड उरले असतील तर भंगारचोरांना वाट दाखवणारे अक्षांश-रेखांश देऊ नयेत, आणि मोबाइलने छायाचित्रात आपोआप नोंदवलेले स्थानही काढून टाकावे. न कापलेले मूळ चित्रीकरण तारीख व नकाशावरील नोंदींसह जपून ठेवावे. पूल पाडला गेला की संशोधकांना सुबक चित्रफितीऐवजी तेच लागते.