कढीलिंबाच्या कुंडीपासून फुलपाखरांची बाग

फुलझाडे लावली की फुलपाखरे मकरंदासाठी येतात आणि निघून जातात. ती आपल्या अंगणात वाढावीत असे वाटत असेल, तर आधी अळ्यांच्या पोटाची सोय करावी लागते. मादी पुढच्या पायांनी पान चाचपून पाहते आणि ओळख पटली तरच अंडे घालते, कारण तिच्या अळीला ठरावीक वनस्पतींच्या पानांवाचून दुसरे काही चालत नाही.

सुरुवात कढीलिंबाने करावी. चार-पाच तास ऊन मिळेल अशा जागी दोन-तीन मोठ्या कुंड्या ठेवाव्यात आणि जमल्यास जोडीला लिंबाचे रोप लावावे. त्यांवर कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय ही फुलपाखरे अंडी घालतात. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेले ब्लू मॉरमॉनही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढते. फिकट पिवळे, गोल अंडे काही दिवसांत फुटते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पुष्कळदा ती घाण समजून पुसून टाकली जाते; शेवटच्या कातीनंतर मात्र ती हिरवीगार होते. डिवचल्यास ती डोक्यामागून शिंगांसारखा दुभंगलेला अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सुटतो, पण माणसाला तिच्यापासून अपाय नाही.

झाडाची पाने संपणे हे येथे यशाचे लक्षण आहे. तरीही स्वयंपाकासाठी पाने हवीतच, म्हणून एका कुंडीवर बारीक जाळी घालून ती वेगळी ठेवावी. एका रोपावर अळ्यांची गर्दी झाली, तर त्या पानासकट उचलून त्याच जातीच्या दुसऱ्या रोपावर ठेवाव्यात. पूर्ण वाढलेली अळी पुष्कळदा झाड सोडून जवळच्या काडीवर किंवा भिंतीवर कोष करते. त्यामुळे कुंडीभोवतीच्या सुक्या काटक्या लगेच झाडून काढू नयेत.

पानफुटीवर रेड पिएरो येते. तिची अळी जाड पानाच्या आत राहून गर खाते, म्हणून डाग पडलेली पाने तोडू नयेत. मोकळी जागा असल्यास प्लेन टायगरसाठी रुई लावावी. मात्र तिचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, हे लहान मुले असलेल्या घरांनी लक्षात ठेवावे. बहावा आणि टाकळा यांवर एमिग्रंट जातीची पिवळसर फुलपाखरे वाढतात.

मकरंदासाठी पेंटास, एक्झोरा, झिनिया पुरेशी आहेत. फुले एकेरी पाकळ्यांची निवडावीत, कारण दाट पाकळ्यांच्या फुलांत मकरंदापर्यंत सोंड पोहोचणे अवघड जाते. कुंपणाशी आपोआप उगवणारी एकदांडी तण म्हणून उपटू नये, कारण लहान फुलपाखरांना ती फार प्रिय असते. घाणेरीवरही फुलपाखरांची झुंबड उडते, परंतु ती रानात पसरून देशी झुडपांची जागा बळकावते, म्हणून मुद्दाम लावू नये. उथळ परळात ओली माती ठेवल्यास तिच्यातील क्षार शोषायला विशेषतः नर येतात.

कीटकनाशक अजिबात वापरू नये. निंबोळी तेलानेही अळ्या मरतात. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपावर आधीच फवारणी झालेली असू शकते, म्हणून नवी पालवी फुटेपर्यंत ते जाळीखाली ठेवावे. कोष फुटण्याआधी त्यातून पंखांचे रंग दिसू लागतात. बाहेर आलेले फुलपाखरू चुरगळलेले पंख सुकेपर्यंत तसेच लटकून राहते. तेवढा वेळ त्याला हात न लावता दुरूनच पाहावे.