वर्गात मदतनीस म्हणून जाताना

शिक्षक व्हायचं मनात असेल तर पदवी हातात येईपर्यंत थांबू नका. त्याआधीच एखाद्या प्राथमिक वर्गात मदतनीस म्हणून जा. माझ्या दुसरीच्या वर्गात अशी बरीच होतकरू मुलंमुली येऊन गेली. त्यांना जे सांगत आले तेच इथे सांगते.

आठवड्यातला एकच वार ठरवा, पण तो चुकवू नका. कधी येणार आणि कधी नाही याचा भरवसा नसेल तर मुलं तुमच्याकडे वही घेऊन येत नाहीत. पहिल्याच दिवशी वर्गाच्या बाईंना किंवा सरांना विचारून घ्या: लघवीला जायची परवानगी कुणी द्यायची, गोंगाट वाढला की तुम्ही काय करता, मी कुणाजवळ बसू? वर्गाचे नियम त्यांचे. एखादा पटला नाही तरी मुलांसमोर मोडू नका, मधल्या सुट्टीत विचारा.

सुरुवातीला कागद कापणं, वह्या वाटणं अशीच कामं वाट्याला येतील. मनापासून करा, पण त्यातच गुंतून राहू नका. थोडे रुळलात की एका मुलाजवळ बसायची परवानगी मागा.

समजा त्यानं ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहिलंय. तुमचा हात लगेच खोडरबराकडे जाईल. थांबा. "हे कसं केलंस, मला सांग ना," एवढंच म्हणा. तो सांगेल, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले." म्हणजे वजाबाकी त्याला येते, ५२ मधला ५ म्हणजे पाच दशक, हे त्याच्या डोळ्यांपुढे नाही. अशा वेळी "हातचा विसरलास" म्हणून काही उपयोग नाही. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढे ठेवा आणि त्याच्याकडे सत्तावीस काड्या मागा. दोन गठ्ठे तो पटकन देतो. सात सुट्या द्यायच्या म्हटल्यावर अडतो, तुमच्या तोंडाकडे बघतो, आणि मग एका गठ्ठ्याचं रबर काढतो. ते रबर तुम्ही काढू नका.

प्रश्न विचारून गप्प बसणं फार जड जातं. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी १९७४ साली दाखवून दिलं की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. म्हणून मनात सावकाश एक, दोन, तीन म्हणा. समोर दुसऱ्याचा हात वर दिसत असला तरी.

घरी आल्यावर जे पाहिलं ते लिहून काढा. "आळशी आहे" असं लिहू नका. "तीन ओळी लिहिल्या, मग टोक करायला सारखा उठला" असं लिहा. मुलांची नावं नकोत, फोटो तर मुळीच नकोत.

एक पथ्य मात्र काटेकोर पाळा. मुलाबरोबर बंद खोलीत एकटे बसू नका. घरी मार बसतो असं काही त्यानं सांगितलं तर शांतपणे ऐकून घ्या, खोदून विचारू नका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. त्याच दिवशी वर्गशिक्षकांच्या कानावर घाला.

आणि तुमचा शेवटचा दिवस कोणता ते मुलांना निदान आठवडाभर आधी सांगा. न सांगता यायची बंद झालेल्या ताईबद्दल मुलं मला कितीतरी दिवस विचारत राहतात, "ताई आजारी आहे का?"