आधी /बिन कुठं जातं ते पाहा, मग भांडा

माझं सेवा केंद्र आर्णी तालुक्यातल्या एका गावात आहे. दोन जुने संगणक, दोन्हींवर डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. दिवसभर सात-बारा आणि पीक विम्याची माणसं असतात. संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढलं की आमचे मास्तर येतात भांडायला. त्यांचं म्हणणं, कमांडींचे प्रोग्राम ठेवायचे दोन फोल्डर, /बिन आणि /यूएसआर/बिन, वेगळे असलेच पाह्यजेत. माझं म्हणणं, एकच बरं.

तुम्हालाही या वादात पडायचं असेल तर आधी आपलं मशीन पाहा. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ‘एलएस -एलडी /बिन’ टाका, अर्थात इंग्रजी छोट्या अक्षरांत. ओळीचं पहिलं अक्षर ‘डी’ आलं तर ती खरीखुरी डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर. ‘एल’ आलं आणि शेवटी बाणापुढे ‘यूएसआर/बिन’ दिसलं, तर ती नुसती पाटी (सिमलिंक). माल दुसऱ्याच खोलीत आहे. /लिब (प्रोग्रामना लागणाऱ्या सामायिक फायली) आणि /एसबिन (मशीन सांभाळायच्या कमांडी) यांचंही तसंच तपासा. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने हे एकत्रीकरण 2012 मध्ये, 17व्या आवृत्तीत केलं. 2023 च्या डेबियन 12 ला तर एकत्र मांडणीच लागते. मास्तरांच्या लॅपटॉपवर मी हीच कमांड टाकली तेव्हा ‘एल’ आलं. चहा संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत.

दोन खोल्या मुळात झाल्या कशा? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची युनिक्स लिहीत होते; लिनक्स त्यावरच बेतलेलं. पहिल्या डिस्कवर सिस्टीम, दुसरीवर /यूएसआर, म्हणजे वापरणाऱ्या माणसांची, त्यांच्या फायलींची घरं. सिस्टीम पहिल्या डिस्कवर मावेना, म्हणून उरलेले प्रोग्राम माणसांच्या डिस्कवर सरकवले. पुढे माणसांनाच तिथून उठवावं लागलं. आमच्याकडं कापसाचं हेच होतं. पहिला वेचा एका खोलीत मावतो. दुसऱ्या वेच्याला भाव पडलेला असतो, विकवत नाही, मग तो झोपायच्या खोलीत जातो आणि आम्ही अंग खाजवत ओसरीत. उलंगवाडी झाली तरी पोरं तिला कापसाची खोलीच म्हणतात. /यूएसआरचं नाव असंच राहून गेलं.

मास्तरांचा जुना मुद्दा असा, की /यूएसआरची डिस्क बिघडली तरी /बिनमधल्या मोजक्या कमांडींवर मशीन उठवता यावं. तो आता लंगडा आहे, कारण ते काम इनिटरामएफएस करतं: मेमरीत उघडणारी छोटी सिस्टीम, जी /यूएसआर जोडून मगच पुढं जाते. त्यांचा दुसरा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागतो: एकत्रीकरणाने डीपीकेजीच्या, म्हणजे कोणती फाईल कोणत्या पॅकेजची याची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या, वहीत गोंधळ झाला. डेबियन 12 वर ‘डीपीकेजी -एस /यूएसआर/बिन/एलएस’ (इथला ‘-एस’ मोठ्या लिपीत) विचारा, ही फाईल कोणत्याच पॅकेजची नाही असं उत्तर येतं. ‘/बिन/एलएस’ विचारा, लगेच कोअरयुटिल्स हे पॅकेज. फाईल एकच, पण डीपीकेजीच्या वहीत जुनाच पत्ता. डेबियनमध्ये यावरून वर्षानुवर्षं भांडण चाललं, ते उगाच नाही.

आता ज्यात माझा एक अख्खा दिवस गेला ते सांगतो. विम्याची शेवटची तारीख तोंडावर, नवा प्रिंटर आणलेला. ड्रायव्हर टार फाईलमध्ये, म्हणजे अनेक फायलींच्या एका गाठोड्यात, मिळाला. मी रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन तो सरळ ‘/’वर, म्हणजे सगळ्या फोल्डरांच्या मुळाशी, उलगडला. त्या टारमध्ये ‘लिब’ नावाची डिरेक्टरी होती. गाठोडं उलगडणाऱ्या जीएनयू टार प्रोग्रामला वाटेत पाटी आडवी आली की तो पाटी काढून तिथं खरी डिरेक्टरी बांधतो. माझी /लिबची पाटी गेली, नव्या /लिबमध्ये प्रिंटरच्या चार फायली. नंतर ‘एलएस’ टाकलं तर ‘अशी फाईल नाही’. कॉपीचं ‘सीपी’ नाही, हलवायचं ‘एमव्ही’ नाही. फायली जागच्या जागी होत्या; त्यांना चालवणारा लोडर /लिबच्या वाटेने सापडत नव्हता. बाहेर छत्र्या घेऊन पंधरा माणसं, आणि एक आजोबा दर पाच मिनिटांनी, “झालं का बापू?”

दुरुस्ती अशी. लाईव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स थेट चालतं) मशीन चालू करा आणि डिस्कवरचं ‘/’चं पार्टिशन /एमएनटीवर माउंट करा, म्हणजे जोडा. ‘सीपी -ए /एमएनटी/लिब/. /एमएनटी/यूएसआर/लिब/’ ने आलेल्या फायली आत घ्या. मग ‘एमव्ही /एमएनटी/लिब /एमएनटी/लिब-जुनी’, आणि शेवटी ‘एलएन -एस यूएसआर/लिब /एमएनटी/लिब’. इथं ‘यूएसआर’च्या आधी तिरपी रेघ देऊ नका. दिलीत तर पेनड्राइव्हवर असेपर्यंत ती पाटी पेनड्राइव्हच्याच लिबकडे बोट दाखवेल आणि तुम्ही तपासताना फसाल. मी फसलो, त्यात लाईटही गेली. ‘/’वर टार उलगडणं टाळाच, अगदीच इलाज नसेल तर ‘--कीप-डिरेक्टरी-सिमलिंक’ जोडा.

स्वतःच्या स्क्रिप्ट (कमांडी लिहिलेल्या छोट्या फायली) कुठं ठेवायच्या, यावर मास्तरांचं आणि माझं एकमत आहे: /यूएसआर/लोकल/बिन. तिथं पॅकेजवाले हात घालत नाहीत, आणि डेबियनच्या पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या जागांच्या यादीत, ती जागा /यूएसआर/बिनच्या आधी येते. त्यामुळे नाव निवडताना जपा. मी एकदा ‘टेस्ट’ नाव दिलं होतं, पुढचं सांगत नाही. आणि स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) चालवायची असेल तर पूर्ण पत्ता लिहा, कारण क्रॉनला बहुधा /यूएसआर/बिन आणि /बिन एवढंच दिसतं. माझा रात्रीचा बॅकअप तीन आठवडे यामुळेच होत नव्हता.