यूएसबी चार्जिंग बोर्ड जास्त व्होल्टेजपासून कसा वाचवावा

टीपी४०५६ चिपचा छोटा लिथियम चार्जिंग बोर्ड पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत सहज मिळतो. ही चिप इनपुटला कमाल ८ व्होल्ट सोसते. त्यापुढे ती जळते, आणि जळताना आतून शॉर्ट झाली तर आलेले व्होल्टेज थेट सेलवर जाते. खरी भीती त्याची आहे.

आधी दोन सल्ले सोडून द्या. ‘फास्ट चार्जर लावू नका’ हा पहिला. धड बनवलेला ६५ वॅटचा पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जरसुद्धा कोणी जास्त व्होल्टेज मागितल्याशिवाय ५ व्होल्टच देतो, आणि टीपी४०५६ ला मागताच येत नाही. धोका असतो तो आतला, व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर शॉर्ट झालेल्या कार चार्जरचा, किंवा गणपतीच्या सजावटीतल्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरला कुणी यूएसबी पिन जोडून ठेवली असेल तर तिचा. दुसरा सल्ला: ‘बोर्डावर डीडब्ल्यू०१ए आहे, काळजी नको’. ती चिप सेल सांभाळते, साधारण ४.३ व्होल्टला चार्जिंग तोडते. चार्जर चिपच्या इनपुटला काय येते आहे, याच्याशी तिचा संबंध नाही.

बोर्डाच्या आधी, जास्त व्होल्टेज आले की तोडणारे सर्किट लावायचे. त्याचे सामान: स्विचचे काम करणारा एओ३४०१ हा पी-चॅनल मॉसफेट, बीसी५५७ हा पीएनपी ट्रान्झिस्टर, टीएल४३१ ही पक्क्या संदर्भ व्होल्टेजची चिप, १ टक्केवाले रेझिस्टर.

मॉसफेट प्लसच्या वायरमध्ये बसवा. सोर्स यूएसबीकडे, ड्रेन बोर्डाकडे. उलट्या पोलॅरिटीपासून वाचवणाऱ्या सर्किटमध्ये तो नेमका उलटा बसवतात, त्यामुळे तिथून आकृती उतरवली तर आतल्या बॉडी डायोडमधून व्होल्टेज बिनदिक्कत पुढे जाते आणि सगळी मेहनत वाया जाते. गेट १० के (किलोओहम) च्या रेझिस्टरमधून ग्राउंडला. बीसी५५७ चा एमिटर सोर्सला, कलेक्टर गेटला, एमिटर आणि बेसमध्ये ६८० ओहम.

आता कुठल्या व्होल्टेजला तोडायचे, ते ठरवणारा भाग. सगळा घोळ इथेच होतो. बऱ्याच आकृत्यांत बेसपासून ग्राउंडपर्यंत ५.१ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजला उलटा वाहू लागणारा डायोड) दाखवतात आणि ५.१ अधिक ट्रान्झिस्टरचे ०.६ असा ५.७ चा हिशेब मांडतात. कागदावर तो बरोबर दिसतो. पण १एन४७३३ए या झेनरचे ५.१ व्होल्ट मोजलेले असतात ४९ मिलिअँपिअर करंटला, आणि इथे त्यातून जेमतेम एखादा मिलिअँपिअर जातो. एवढ्या करंटला तो ५.१ च्या बराच खाली वाहू लागतो. मग चांगल्या ५ व्होल्टलाही सर्किट बंद पडते, आणि माणूस चार्जर, केबल, सोल्डरिंग सगळे तपासत बसतो. जास्त व्होल्टचा झेनर लावून अंदाजाने जुळवू नका. तपमान बदलले की तेही सरकते. कमी व्होल्टेजच्या झेनरचे वळण मुळातच बोथट असते.

टीएल४३१ वापरा. त्याचा संदर्भ २.४९५ व्होल्टचा, पक्का. इनपुट प्लसपासून रेफ पिनपर्यंत १३ के, रेफपासून ग्राउंडपर्यंत १० के: सुमारे ५.७५ व्होल्टला तो वाहू लागतो, बीसी५५७ चालू करतो आणि मॉसफेट बंद होतो. कॅथोड आणि बेसमध्ये २.२ के, ॲनोड ग्राउंडला. १३ के आणि १० के चा हा डिव्हायडर मॉसफेटच्या यूएसबीकडच्या बाजूलाच घ्या. पुढच्या बाजूला घेतला तर तोडल्यावर मोजायला काही उरत नाही आणि सर्किट चालू-बंद होत राहते.

नुसता एसएमएजे५.०ए हा झटके शोषणारा टीव्हीएस डायोड लावून निश्चिंत होऊ नका. पूर्ण झटक्याला तो ९.२ व्होल्टपर्यंत जाऊ देतो, आणि सतत आलेले १२ व्होल्ट त्याला झेपत नाहीत.

इनपुटला १० मायक्रोफॅरॅड, ३५ व्होल्टचा इलेक्ट्रोलायटिक लावा. तिथे नुसता सिरॅमिक नको: केबल खुपसताच व्होल्टेज उसळून जवळपास दुप्पट होऊ शकते.

तपासताना सेल आणि बोर्ड दोन्ही काढून ठेवा. आउटपुटला १०० ओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावून बेंच सप्लाय ४.५ पासून हळूहळू १२ पर्यंत न्या. ५.२५ ला आउटपुट पूर्ण हवे, ६ ला शून्याजवळ. ५.२५ च्या आधीच तुटले तर डिव्हायडरचे रेझिस्टर मीटरने मोजा. बहुधा १३ के च्या जागी १० के लागलेला असतो.