गृहकर्जाची मुदत ठरवताना तक्ता उलटाही चालवून पाहावा

वीस वर्षांत साचणाऱ्या व्याजाचा तोंडी अंदाज भल्याभल्यांना बांधता येत नाही. ते काम एक्सेलवर सोपवावे. मात्र तक्ता उघडण्यापूर्वी आपल्याला झेपणारा कमाल हप्ता कागदावर लिहून ठेवावा, कारण पडद्यावर आकडा दिसला की मन त्याच्याशी जुळवून घेऊ लागते.

मासिक हप्ता काढणाऱ्या एक्सेलच्या पीएमटी (PMT) सूत्रात वार्षिक दर बाराने भागून भरावा (नेमके हेच विसरले जाते) आणि कर्जाची रक्कम उणे चिन्हासह लिहावी. ३० लाख रुपये, ९ टक्के आणि २४० महिने धरल्यास हप्ता सुमारे २६,९९२ रुपये येतो. १८० महिन्यांसाठी तो ३०,४२८ होतो, पण एकूण व्याज जवळजवळ १० लाखांनी घटते.

माझ्या मते खरा उपयोग याच्या पुढे आहे. ‘डेटा’ टॅबमधील ‘व्हॉट-इफ अ‍ॅनालिसिस’खाली ‘गोल सीक’ असते; हवे ते उत्तर येण्यासाठी कोणता आकडा लागेल, हे ते उलट शोधून देते. तेथे हप्त्याचे उद्दिष्ट ३०,००० आणि बदलायचा खण (सेल) म्हणून व्याजदर दिल्यास २४० महिन्यांसाठी उत्तर सुमारे साडेदहा टक्के येते, म्हणजे बदलता दर कुठवर चढला तरी आपण तग धरू, हे कळते. नोकरीची शाश्वती आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च मात्र या सूत्रात कुठेच नाही; तो विचार घरी बसूनच करावा लागतो.